पिळलेल्या लुगड्याइतकी ओल

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "ताई, तुमच्या कामाचे अनुभव लिहून द्या." तेव्हा आमचे हे शेजारीच चहा पीत बसले होते. मी फोन ठेवला तसे म्हणाले, "लिही की. पहिल्याच ओळीत लिही, सडक्या कचऱ्याच्या मुठी आवळून हिनं जन्म काढला." थट्टाच होती, पण खोटं काय त्यात? लोक हातात पेन धरतात, सुई धरतात, झारा धरतात. मी सकाळी गेल्या गेल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे आणि मूठभर माल काढून आवळायचे. नात्यातल्या एका लग्नात नवऱ्याकडची एक बाई माझ्या हातून पानाचा विडा घ्यायला कचरली होती. मीही मग तोच विडा तिच्यासमोर स्वतः खाल्ला.

औशाच्या बाहेर, निलंग्याकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं खत केंद्र होतं. दोन-तीन बचत गटांच्या बायकांनी मिळून चालवलेलं. बाजारातला सडका भाजीपाला, हॉटेलातलं खरकटं, शेण, पालापाचोळा असं सगळं तिथं यायचं आणि त्याचं कंपोस्ट होऊन पोत्यातून बाहेर पडायचं. मी तिथली देखरेख करणारी. कृषी पदविका माझ्याजवळ होती, पण खरं काम मुठीचं होतं.

आता हे मुठीचं प्रकरण आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. खत आपण करत नाही. ढिगात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते कचरा खातात आणि त्याचं खत करतात. आपण फक्त त्यांची बडदास्त ठेवायची. त्यांना पाणी लागतं आणि हवाही लागते. गोची अशी की दोन्हीची राहायची जागा एकच, काड्या-पानांमधल्या फटी. पाणी कमी पडलं तर ते जीव उपाशी झोपतात, ढीग गार पडतो, त्यात मुंग्या घरं करतात आणि महिन्यांनी गेलात तरी वांग्याचं देठ देठच असतं. पाणी जास्त झालं तर फटी भरतात, हवा बाहेर पडते. मग हवेवाचून जगणारी दुसरीच मंडळी ताबा घेते, आणि त्यांचा कारभार असा की नासक्या अंड्याचा वास गल्लीभर फिरतो.

मग पाणी किती? माझी आई विहिरीवर लुगडं धुऊन, पिळून खांद्यावर टाकून आणायची. त्याला हात लावला की गार ओल लागायची, पण थेंब गळायचा नाही. ढिगाला ओल तेवढीच हवी. मूठ आवळली की बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब डोकावला पाहिजे. धार लागली तर जास्त. मूठ उघडल्यावर गोळा न राहता सगळं भुरभुर सांडलं तर कमी. नव्या बायकांना मी एवढंच शिकवायचे. आता म्हणे सुईचं यंत्र मिळतं, ढिगात खुपसलं की आकडा दिसतो. असू द्या बापडं.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग होती. निलंग्याकडचा एक शेतकरी पोतं परत घेऊन आला. म्हणाला, "बाई, फसवलंत मला. ह्याला वासच न्हाई. खत हाय का माती?" मी म्हटलं, "पाटील, वास गेला म्हणूनच ते खत झालं." पटेना. शेवटी पोत्यातलं मूठभर त्याच्या नाकाशी धरलं. नांगरलेल्या ओल्या रानाचा असतो तसा हलका वास होता. गडी दोनदा हुंगून म्हणाला, "हाव. पण जरा दणका पाहिजे होता." दुसरे मुरुडचे एक नर्सरीवाले. त्यांनी घाईघाईनं अर्धओलं खत नेलं, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं, उन्हात ठेवलं. आत आंबलं, पिशवी फुगली, आणि त्या मालात लावलेली मिरचीची रोपं पिवळी पडली. फोनवर माझ्यावरच ओरडले. मी पण ओरडले. नंतर दोघं मिळून पिशव्यांना भोकं पाडत बसलो.

असो. सांगायचंय ते शेजारच्या रहीमचाचांच्या लेकीच्या, शबानाच्या लग्नाचं, पण त्याची सुरुवात झाली दुष्काळात.

त्या उन्हाळ्यात गावाला टँकरचं पाणी होतं. केंद्रातला बोअर आटला आणि आमचे ढीग सुकले. मूठ आवळली की धूळ उडायची. एक दिवस टँकरवाल्याला विनंती करून मी दोन घागरी ढिगासाठी मागितल्या. रांगेत पुढंच गंगाबाई उभी होती. बाजारात भाजीची पाटी लावणारी, अंगानं किडकिडीत आणि आवाजानं अख्ख्या बाजाराला पुरून उरणारी. ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडं वळली.

"ओ ताई, लाज हाय का न्हाई? माणसाच्या घशाला कोरड पडली अन् तुम्ही उकिरड्याला पाणी पाजायलाव?"

सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की घागरी तिथंच टाकून परत आले. बाई चूक बोलली नव्हती, हेच जास्त लागलं.

केंद्राच्या भिंतीला लागून रहीमचाचांचं सुतारकामाचं दुकान होतं. त्यांचे आजोबा-पणजोबाही इथलेच. औशातल्या किती घरांची दारं त्यांच्या हातची असतील देव जाणे. चाचा बोलायला कमी, पण त्यांचा रंधा चालायला लागला की मागं लाकडाच्या पातळ सालींचा डोंगर उभा राहायचा. त्या दिवशी माझं तोंड बघून त्यांनी रंधा थांबवला आणि विचारलं. मी सांगितलं. चाचा कान खाजवत म्हणाले, "बाई, मशिदीचं पानी जातंय की नालीत."

दुकानापलीकडं लहानशी मशीद होती. नमाजाच्या आधी लोक हात, तोंड, पाय धुतात, त्याला वजू म्हणतात. दिवसातून पाच वेळा. साबण नाही, तेल नाही, निव्वळ पाणी, आणि दुष्काळात तेही अगदी बारीक धारेनं वापरलेलं. मी म्हटलं, "चाचा, ते पाणी आमच्या कचऱ्यावर चालेल का? मौलवीसाहेब रागावले तर?" चाचा म्हणाले, "विचारतो." संध्याकाळी मौलवीसाहेब स्वतःच आले. हसत म्हणाले, "नालीत जाण्यापेक्षा झाडाच्या मुळाशी जाईल ना? मग आमची काय ना आहे?" चाचांनी लाकडी पन्हाळ करून दिली, आणि वजूचं पाणी भिंतीखालून आमच्या टाकीत पडायला लागलं. काही दिवसांतच ढिगातून वाफा निघाल्या. त्या वर्षी तालुक्यात बाकी सगळे धंदे गार पडले होते, आमचे ढीग तेवढे गरम होते.

ही गोष्ट गंगाबाईच्या कानावर गेली. ती बघायला आली, पन्हाळीतून येणारी बारीक धार बघत राहिली. मग हातातल्या कळशीत भाजी धुतलेलं पाणी होतं ते तिनं ढिगावर ओतलं आणि म्हणाली, "हे बी फेकूनच देत होते की मी!" तिथून जे सुरू झालं त्याला तोड नाही. माणसानं भांडावं तर गंगाबाईसारखं आणि बाजू बदलावी तर तीही तिच्यासारखीच. बाजारातल्या साऱ्या पाटीवाल्या उरलंसुरलं पाणी आणायला लागल्या. बसस्टँडवरच्या हॉटेलवाल्यानं गिऱ्हाइकांच्या ग्लासात उरलेलं पाणी साठवायला पिंप ठेवलं. शाळेतून घरी जाणारी पोरं बाटलीतलं शेवटचं पाणी ढिगावर ओतायची. गंगाबाईनं तर ढिगाच्या कोपऱ्यावरच्या दगडाला हळदकुंकू लावलं. मी हसले, आणि मनातून सुखावलेही.

पण एकदा हळदकुंकू लागलं की तिथं पाणी घालू नका असं सांगायची छाती कुणाची?

पुढच्या वर्षी पाऊस उदंड झाला. नळाला पाणी आलं, बोअर भरला, मशिदीच्या हौदावर तोट्या मोकळ्या सुटल्या आणि पन्हाळीला धो-धो पाणी यायला लागलं. मी पन्हाळ बंद केली. लोकांना मात्र बंद करता येईना. दुष्काळात होरपळलेली माणसं, पाणी द्यायचं पुण्य त्यांच्या हाताला लागलं होतं. मी म्हणायचे, "अहो, पुरे आता." ते म्हणायचे, "ताई, आता कशाला चिंगूसपणा? आता लई हाय." गंगाबाई तर आता उरलेलं पाणी आणायची नाही, नळाची ताजी भरलेली कळशी आणायची. मी पुढच्या दारी असले की ती मागच्या दारानं ओतून जायची. वरून ढीग सुकलेला दिसायचा, त्यामुळं तिला माझंच बोलणं खोटं वाटायचं. त्यात परतीचा पाऊस आठवडाभर कोसळला, आणि झाकायची ताडपत्री वाऱ्यानं फाटली.

एका सकाळी मी मूठ आवळली तर कोपरापर्यंत काळं पाणी ओघळलं. वास असा की माझ्या सवयीच्या नाकालाही झिणझिण्या आल्या.

मागं वळून बघते तो भिंतीपाशी चाचा उभे. नाकाला रुमाल. त्यांच्या मागं मोकळ्या मैदानात मांडववाला खुंट्या ठोकून माप घेत होता. शबानाचं लग्न पंधरवड्यावर आलं होतं. नांदेडहून वऱ्हाड येणार, निकाह आणि जेवण तिथंच, आमच्या भिंतीला लागून. गावातलं कार्यालय त्या तारखेला मिळालं नव्हतं.

चाचा आवाज चढवणारे नव्हेत. तेवढ्या वर्षांत एकदाच त्यांना तसं बोलताना ऐकलं. "बाई, माझी एकच पोरगी आहे. नांदेडचे लोक इथं बसून बिर्याणी खाणार की नाक धरून उठून जाणार? जिंदगीभर तिला सासरी ऐकावं लागेल, औशाला गेलो अन् गटारीत जेवलो. वास घालवा. नाही गेला तर मी सगळ्या गल्लीला घेऊन तुमचं केंद्र हटवा म्हणून अर्ज करीन. पहिली सही माझी."

ज्या माणसानं पन्हाळ करून ढीग जगवला, तोच हे बोलत होता. मला रडूच फुटलं. राग आला तो गंगाबाईचा, आणि ती नेमकी तेव्हाच कळशी घेऊन दारात! मी इतक्या जोरात "न्हाई!" म्हणून ओरडले की मांडववाल्याच्या हातून हातोडा सुटला.

उपाय मला ठाऊक होता. ढीग सगळा उकलायचा, खालीवर करायचा, आणि त्यात पाणी पिणारं, फटी ठेवणारं काहीतरी कोरडं, खरबरीत मिसळायचं. पण कोरडं आणायचं कुठून? सोयाबीनचं भुसकट रानात भिजलेलं, उसाचं पाचट भिजलेलं, तुराट्या अजून रानात उभ्या. अख्ख्या तालुक्यात कोरडी वस्तू म्हणजे एकच, चाचांच्या दुकानात पोत्यांत भरून ठेवलेल्या रंध्याच्या साली.

आणि त्या ठेवल्या होत्या लग्नासाठी. आमची काळी माती भिजली की चप्पल सोडत नाही. मैदानाचा नुसता चिखल झाला होता. मांडवाखाली सालींचा जाड थर अंथरायचा, वर सतरंज्या टाकायच्या, असं ठरलेलं. मी चाचांकडं त्या मागितल्या तेव्हा ते माझ्याकडं बघतच राहिले.

"म्हणजे पाहुण्यांना चिखलात बसवू?"

"सतरंज्यांखाली प्लास्टिक टाकू. वाटेवर चिखल राहील, चाचा. पण वास जाईल."

"जाईल म्हणता. नाही गेला तर? साली पण गेल्या, इज्जत पण गेली."

पंधरवड्यात ढीग सावरतो, पण असा बुडालेला ढीग मीही पहिल्यांदाच बघत होते. तेवढ्यात दुकानामागच्या घरातून शबाना आली. हाताला पीठ लागलेलं, मेंदीला अजून अवकाश होता. लहानपणी ही पोरगी भिंतीवर बसून माझ्या मुठी बघायची आणि स्वतःही आवळायची, तिच्या आईच्या शिव्या खाऊन.

ती म्हणाली, "अब्बा, चिखल पायाला लागतो, वास नाकाला लागतो. पाय धुता येतात. द्या मावशीला."

चाचा वळले. दुकानात गेले आणि पहिलं पोतं स्वतः खांद्यावर घालून आणलं.

आम्ही सगळ्या बायका फावडी घेऊन भिडलो. बाहेर उभ्या असलेल्या गंगाबाईकडं मी बघत नव्हते. ती आपण होऊन आत आली, पदर खोचला आणि म्हणाली, "माझ्यामुळं झालं ना? मग मी काय तमाशा बघू?" तिनं चार जणींचं काम एकटीनं ओढलं. कोपऱ्यावरचा हळदकुंकवाचा दगड तिनं आधी उचलून बाजूला ठेवला, त्याला नमस्कार केला आणि मग सपासप फावडं मारलं.

बाहेरच्यांना माहीत नसतं ते सांगते. सडलेला ढीग उकलला की वास कमी होत नाही, आधी दुप्पट होतो. आत कोंडलेलं सगळं बाहेर येतं. त्या दुपारी मशिदीतून निघालेले लोक पळत सुटले. मांडववाला सामान टाकून चहाला गेला तो त्या दिवशी परतलाच नाही. चाचांनी दुकानाचं दार लावून घेतलं. त्या बंद दाराकडं बघत मी फावडं चालवत होते आणि मनात म्हणत होते, सुलभा, झालं तुझं, उद्या अर्जावर सह्या.

दुसऱ्या दिवशीही वास होता. तिसऱ्या दिवशी मी लोखंडी सळई ढिगात खुपसली, थोड्या वेळानं काढली आणि तळव्यात धरली. कोमट! मी गंगाबाईला हाक मारली, तिच्या हातात सळई दिली. ती म्हणाली, "अगं बया, ताप आला ह्याला!" मी म्हटलं, "यायलाच पाहिजे होता." पुढं एकदा पुन्हा ढीग खालीवर केला, तेव्हा सळई हातात धरवेना. सालींनी पाणी ओढून घेतलं होतं, फटी मोकळ्या झाल्या होत्या, हवा आत खेळत होती. वास एकेक दिवस मागं सरकत गेला. आधी रस्त्यावरून गेला, मग दुकानातून, मग भिंतीपासून. चाचांनी दार उघडलं. रंधा सुरू झाला.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड उतरलं आणि चिखलात फसलं. नवरदेवाच्या मामांची मोजडी एकीकडं, मामा दुसरीकडं. चाचांचा चेहरा पडला. मी काही करायच्या आत गंगाबाई पुढं झाली. नवी कोरी नऊवारी, हातात तीच कळशी. मांडवाच्या तोंडाशी पाट मांडून ती म्हणाली, "या, पाव्हणं, पाय पुढं करा." वऱ्हाडाचे पाय धुवायचे, एवढीच तिला ठाऊक असलेली रीत. नांदेडची मंडळी आधी गडबडली, मग एकेकानं पाय पुढं केला. ती मनसोक्त पाणी ओतत होती. बिचारीला कितीतरी दिवसांनी कुणी न ओरडता पाणी ओतू देत होतं. नवरदेवाच्या वडिलांनी ह्या स्वागतावर खूश होऊन चाचांना सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं, "भाईसाब, ऐसा इस्तिकबाल हमारे नांदेड में किसी ने देखा नहीं."

वासाबद्दल कुणीच काही बोललं नाही. माणसं भिंतीला पाठ टेकून बिर्याणी खात होती, दुसऱ्यांदा मागत होती. भिंतीपलीकडं काय आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. आमच्या कामाला याच्यापेक्षा मोठी शाबासकी नसते. मी तीन वाट्या शीरखुर्मा खाल्ला.

संध्याकाळी शबानाची गाडी गेली. जाताना ती माझ्या गळ्यात पडून रडली, मीही रडले. चाचा मात्र कोरडे उभे होते, ह्याला मिठाई दे, त्याला रस्ता दाखव असं करत. मैदान रिकामं झालं आणि ते दिसेनात. मी केंद्राचं कुलूप बघायला गेले तर ते आत, ढिगाशेजारी दगडावर बसलेले. हळदकुंकवाच्याच. दोन्ही तळवे ढिगावर टेकवलेले, आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं.

"गरम आहे, बाई," ते म्हणाले. "घरात जाववेना. घर लई थंड वाटायलंय."

मी शेजारी बसले. एकुलती लेक पाठवून आलेल्या माणसाला काय सांगणार? मीही हात टेकवला. तेवढ्यात गंगाबाई आली, चिखलानं नऊवारी भरलेली. तिनं चाचांना ओंजळ करायला सांगितली आणि कळशीतून पाणी घातलं. ते पोटभर प्यायले, तोंड धुतलं. कळशीत थोडं पाणी उरलं.

तिनं कळशीकडं बघितलं. ढिगाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघून पाऊलभर मागं सरली आणि म्हणाली, "न्हाई ओतत, ताई. नेते घरी."

मी सवयीनं ढिगात हात घातला आणि मूठ आवळली. थेंब डोकावला नाही. मूठ उघडली, गोळा राहिला नाही. इतके दिवस आत जाळ पेटलेला, त्यात कोरड्या साली, सगळं पाणी पिऊन बसला होता बिचारा. मी मूठ चाचांपुढं धरली. सालींचा चुरा बोटांतून भुरभुर त्यांच्या मांडीवर सांडला, तो त्यांनी चिमटीत घेऊन बघितला आणि पहिल्यांदा हसले.

"तहान लागली ह्याला," ते म्हणाले.

"गंगाबाई," मी म्हटलं, "ओत."

तिचा विश्वासच बसेना. मी पुन्हा म्हटलं तेव्हा तिनं कळशी तिरकी केली, अगदी बारीक धारेनं, दुष्काळात वजूला सोडायचे तशी. कळशी रिकामी होईपर्यंत ती माझ्या तोंडाकडं बघत होती, मी मधेच ओरडेन म्हणून.